सीपॅपवरच्या बाळाला धुक्यातून औषध : मागणी-यादी करण्याआधी

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
आणि
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

विषय : एसएनसीयूतल्या सीपॅपवरच्या बाळांना सर्फॅक्टंट आणि नेब्युलायझरची औषधे देण्याची साधने व पद्धत

महोदय / महोदया,

जिल्हा रुग्णालयांतल्या आजारी नवजात बाळांच्या कक्षांची (एसएनसीयूंची) पुढची मागणी-यादी तयार होईल तेव्हा तिच्यात 'नेब्युलायझरसह सीपॅप' अशी एखादी ओळ घालण्याचा मोह होऊ शकतो. (सीपॅप म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देऊन फुप्फुसे उघडी ठेवण्याचा उपचार, नेब्युलायझर म्हणजे द्रव औषधाचे धुके करणारे साधन.) ती ओळ तूर्त घालू नये, अशी आमची विनंती आहे. तेच पैसे पातळ कॅथेटर, छोट्या पात्यांचे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे साधन), ऑक्सिजन ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारे साधन) आणि सर्फॅक्टंटच्या, म्हणजे वायुकोश मिटू न देणाऱ्या औषधाच्या, दोन्ही मापांच्या कुप्यांवर खर्च व्हावेत. आम्ही नवजात अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि जैववैद्यकीय अभियंते आहोत. नेब्युलायझरला आमचा विरोध नाही. पण नेब्युलायझरमधून निघालेले औषध आणि बाळाच्या वायुकोशांत पोहोचलेले औषध यांत किती अंतर आहे, हे खरेदीच्या कागदावर कुठेच दिसत नाही. ते इथे मांडतो.

साधा हिशेब करू. एक किलोचे बाळ एका श्वासात सुमारे ५ मिली हवा घेते. मिनिटाला ६० श्वास धरले तर झाले ३०० मिली. त्याच्या नाकासमोरून सीपॅपच्या नळीत मात्र मिनिटाला ६ लिटर वायू वाहत असतो. धुके त्या प्रवाहात अगदी सारखे मिसळले आहे असे मानले, तरी वीस भागांतला एक भाग बाळ आत घेते. उरलेले एकोणीस समोरून निघून बाहेरच्या नळीत आणि तिथून पाण्याच्या, म्हणजे बबलच्या बाटलीत जातात. धो धो वाहणाऱ्या पन्हळीखाली चमचा धरावा, तसे हे आहे.

शिवाय हा हिशेब उदार आहे. आत गेलेल्या धुक्याला पुढे अरुंद प्रॉन्ग्ज, म्हणजे नाकपुड्यांत बसवलेल्या आखूड नळ्या लागतात, मग नाक. नवजात बाळ जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेते आणि मोठे थेंब अडवणे हेच नाकाचे काम. ५ मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब तिथेच चिकटतो. बाळांसाठी १ ते ३ मायक्रॉनचे थेंब हवेत. त्यातही गोम अशी की ह्युमिडिफायरच्या (हवा गरम व दमट करणाऱ्या यंत्राच्या) ऊबदार, दमट हवेतून जाताना थेंब फुगतो, म्हणजे नळीत ३ मायक्रॉनचा असलेला थेंब नाकापाशी तेवढाच राहीलच असे नाही. शेवटी वेळ. बाळाचा श्वास आत जाण्याचा काळ ०.३ ते ०.४ सेकंद. इतक्यात बारीक थेंब खाली बसत नाही आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. १९९६ साली किरणोत्सारी सालब्युटामॉल वापरून केलेल्या मोजणीत, फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या बाळांच्या फुप्फुसांत पोहोचलेले औषध सरासरी २ टक्क्यांच्या आत होते. नेब्युलायझरच्या कपातल्या २ मिलीपैकी बाळाला नेमके काय मिळाले, याचा अंदाज त्यावरून करावा.

आता बहुतेक कक्षांत जे साधन हाताशी असते त्या जेट नेब्युलायझरकडे येऊ. त्याला चालायला मिनिटाला ६ ते ८ लिटर वायू लागतो आणि तो बहुतेक वेळा भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळीतूनच दिला जातो. समजा बाळ ३० टक्के ऑक्सिजनवर आहे आणि प्रवाह ६ लिटर आहे. त्यात शुद्ध ऑक्सिजनचे ६ लिटर आणखी मिसळले की १२ लिटरच्या मिश्रणात ऑक्सिजन ६५ टक्के होतो. ब्लेंडरचा काटा ३० वरच असतो, नोंदवहीतही ३० च लिहिले जाते आणि दहा-पंधरा मिनिटे मॉनिटरवर १०० चा आकडा झळकत राहतो. कमी दिवसांच्या बाळाचे संपृक्ततेचे (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचे) उद्दिष्ट ९० ते ९५ ठेवायचे, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्याचा पडदा बिघडतो, म्हणजे आरओपी होतो. दिवसातून चार वेळा नेब्युलायझेशन म्हणजे दिवसातून चार वेळा हे उद्दिष्ट आपणच मोडायचे.

दाबाचे गणितही बिघडते. बबल सीपॅपमध्ये बाहेर जाणारी नळी पाण्यात ५ सें.मी. बुडवली की नाकाशी पाण्याच्या ५ सें.मी. इतका दाब मिळतो, असे आपण धरून चालतो. प्रवाह वाढला की बाहेर जाणाऱ्या नळीचा अडथळा वाढतो आणि नाकाशी दाब बुडवलेल्या खोलीपेक्षा वर जातो. साध्या बबल संचात दाब मोजायला काहीच नसते. बुडबुडे जोरात येत आहेत म्हणून सगळे आलबेल समजले जाते. बाहेरच्या नळीवर फिल्टर असेल तर त्यावर औषधाचा थर बसतो आणि दाब आणखी चढतो. मऊ फुप्फुसांच्या बाळाला न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस फाटून छातीत हवा साचणे, होण्याचा हा एक रस्ता आहे.

काही ठिकाणी सर्किटला हात न लावता प्रॉन्ग्ज काढून, तोंडावर मास्क धरून दहा मिनिटे नेब्युलायझेशन देतात. हे त्याहून वाईट. जे वायुकोश दाबाने उघडे राहिले होते ते तेवढ्या वेळात मिटतात, आणि सीपॅप परत लावल्यावर तासभर ऑक्सिजन जास्त लागतो. मग 'बाळाला नेब्युलायझेशनची गरजच होती' असा उलटा अर्थ काढला जातो.

आणि हे सगळे कशासाठी? बहुतांश वेळा सालब्युटामॉलसाठी. अकाली जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या दिवसांतल्या धापेत श्वासनलिका आकसलेल्या नसतात. वायुकोश मिटलेले असतात, कारण सर्फॅक्टंट नसते. तिथे सालब्युटामॉलला सोडवायला काही नाही. मिळते ती नाडीची गती वाढलेली आणि पोटॅशियम उतरलेले. पूर्ण दिवसांच्या बाळाची जन्मानंतरची तात्पुरती धाप तर दोन-तीन दिवसांत आपली आपण ओसरते. म्हणून राज्यातल्या सर्व एसएनसीयूंना एक ओळीचे परिपत्रक जावे : सीपॅपवरच्या नवजात बाळाला नेब्युलायझेशन नेहमीचा आदेश म्हणून लिहू नये, लिहिल्यास कारण आणि किती डोस ते लिहावे. अपवाद आहेत. श्वासनलिकेतली नळी काढल्यानंतर घशाशी घरघर होत असेल तर अॅड्रेनॅलिन दिले जाते. तिथे औषध वरच, स्वरयंत्रापाशी चिकटायला हवे असते, त्यामुळे जेटचे मोठे थेंबही चालतात. आठवडे उलटून गेलेले, फुप्फुसांचा जुनाट आजार झालेले आणि खरोखर शिट्टी वाजणारे बाळ, हा दुसरा अपवाद.

अशा अपवादासाठी साधन घ्यायचेच तर कंप पावणाऱ्या जाळीचा, म्हणजे मेश नेब्युलायझर घ्यावा. तो सर्किटमध्ये वायू ओतत नाही, त्यामुळे दाब आणि ऑक्सिजन दोन्ही जागेवर राहतात. जेटच्या कपात शेवटी मिलीभर औषध तसेच उरते, इथे फार थोडे उरते. तो लावायचा कुठे, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. प्रॉन्ग्जला चिकटून लावला तर त्याच्या टी-जोडाचे (सर्किटमध्ये बसवायच्या तीन तोंडांच्या जोडाचे) वजन प्रॉन्ग्जवर येते, त्या सरकतात, नाकाचा पडदा घासला जातो. शिवाय जोडातली रिकामी जागा ५ मिली श्वास घेणाऱ्या बाळासाठी थोडी नसते. प्रवाह जोरात असेल तर ह्युमिडिफायरच्या बाजूला लावणे बरे. मग आत येणारी नळी साठ्यासारखी काम करते आणि बाळ श्वास सोडत असतानाचे सगळेच धुके वाया जात नाही. डोस चालू असताना प्रवाह बुडबुडे अखंड राहतील इतपत खाली आणावा, नळीतले साचलेले पाणी आधी काढावे, नाक साफ करावे, तोंडातून गळती होत नाही ना ते पाहावे. डोस संपल्यावर टी-जोड काढून घ्यावा, बाहेरचा फिल्टर बदलावा. व्हेंटिलेटरवरून नाकाद्वारे श्वास दिला जात असेल तर तापलेल्या तारेचा फ्लो सेन्सर आधी काढावा, नाहीतर औषधाचा थर बसून तो चुकीचे आकडे देतो. हाय फ्लो कॅन्युलावर (नाकातून जोराचा वायू देणाऱ्या नळीवर) ८ लिटरचा प्रवाह चालू असताना औषध देण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

निविदेत यातले एकच वाक्य घातले तरी पुष्कळ काम होईल : पुरवठादाराने आपल्या नेब्युलायझरची मोजणी नवजाताच्या श्वासावर, ५ ते ८ लिटर प्रवाहावर आणि गरम दमट सर्किटमध्ये केलेली दाखवावी. मोठ्या माणसाच्या श्वासावर घेतलेले 'थेंबांचा आकार ३ मायक्रॉन' हे प्रमाणपत्र इथे निरुपयोगी आहे. एका बाळाचा कप दुसऱ्याला लावला जाणार नाही इतके कप घ्यावेत, कारण ओलसर कपात क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास हे जंतू आनंदाने वाढतात आणि आपण तेच थेट फुप्फुसांत फवारतो. कप नळाच्या पाण्याने विसळू नये. निर्जंतुक पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

आता मुख्य प्रश्न, सर्फॅक्टंट धुक्यातून देण्याचा. कल्पना नवी नाही. १९५९ मध्ये अव्हेरी आणि मीड यांनी या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंटची उणीव दाखवली आणि १९६४ मध्ये कॅनडात कृत्रिम लेसिथिन धुक्यातून देऊन पाहिलेही गेले. त्यातून उपचार उभा राहिला नाही. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसांपासून केलेले सर्फॅक्टंट द्रवरूपात थेट श्वासनलिकेत घातले, तेव्हा गाडी रुळावर आली. तरी धुक्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे : लॅरिंगोस्कोप नको, नळी नको, बाळाला त्रास नको.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २२ अतिदक्षता विभागांतल्या ४५७ बाळांपैकी निम्म्यांना कॅल्फॅक्टंट हे सर्फॅक्टंट धुक्यातून दिले. श्वासनलिकेत नळी घालून सर्फॅक्टंट द्यावे लागण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून २६ वर आले. निकाल चांगला आहे, पण बारकावे वाचावेत. डोस होता किलोमागे ६ मिली, म्हणजे २१० मिलीग्रॅम. हेच औषध नळीतून देताना किलोमागे ३ मिली पुरते. दुप्पट औषध, आणि तोही डोस पुन्हा देण्याची मुभा. धुके चोखणीसारख्या खास जोडातून तोंडात सोडले होते. आपल्या प्रॉन्ग्जच्या सर्किटला कुठलाही नेब्युलायझर जोडून तो निकाल मिळणार नाही. कोणाला काय मिळाले हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक होते, हेही लक्षात ठेवावे. पर्थमधल्या छोट्या चाचणीत गर्भारपणाच्या २९ ते ३३ आठवड्यांना जन्मलेल्या बाळांना पोरॅक्टंट हे दुसरे सर्फॅक्टंट मेश नेब्युलायझरने दिल्यावर फायदा दिसला. त्यानंतर तशाच साधनाने केलेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत किलोमागे २०० किंवा ४०० मिलीग्रॅम देऊनही फरक पडला नाही. थोडक्यात, जरा मोठ्या आणि सौम्य आजाराच्या बाळांना उपयोग होण्याची शक्यता आहे. २८ आठवड्यांखालच्या, सर्वांत गरजू बाळांसाठी भरवसा ठेवावा इतके हाती नाही. सर्फॅक्टंट दाट असते, त्याला फेस येतो, जाळी तुंबते. इतके महाग औषध दुप्पट घेऊन त्यातला मोठा भाग बबलच्या बाटलीत सोडणे सरकारी कक्षाला परवडणारे नाही.

याला पर्याय आज उपलब्ध आहे, आणि तो स्वस्तही आहे : सीपॅप न काढता पातळ कॅथेटरने सर्फॅक्टंट देण्याची लिसा पद्धत. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात) मोठ्या नळीने देण्याच्या तुलनेत या पद्धतीने मृत्यू किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार कमी झाल्याचे दिसते. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही स्वतः श्वास घेणाऱ्या बाळासाठी हीच पद्धत पुढे ठेवतात. २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांच्या ऑप्टिमिस्ट चाचणीत मात्र मृत्यू आणि जुनाट आजार यांच्या एकत्रित प्रमाणात ठोस फरक निघाला नाही. जुनाट आजार एकटा पाहिला तर कमी झाला, आणि ७२ तासांत नळी घालावी लागण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ३६ वर आले. म्हणून अगदी लहान बाळांत ही पद्धत अनुभवी हातांतच असावी.

कृती तपशिलात देतो, कारण प्रशिक्षण-पुस्तिकेत हाच भाग घाईने उरकला जातो.

सीपॅप ६ सें.मी. किंवा जास्त असूनही ९० ते ९५ संपृक्ततेसाठी ३० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन लागत असेल तर वेळ न घालवता सर्फॅक्टंट. उशीर म्हणजे नुकसान. ६० टक्क्यांची वाट पाहणारे कक्ष अजून आहेत. बाळाचा श्वास वारंवार थांबत असेल, न्यूमोथोरॅक्स असेल किंवा जबडा-टाळूची रचना वेगळी असेल तर लिसा नको. श्वास चालू ठेवायला मदत करणारे कॅफीन सायट्रेट किलोमागे २० मिलीग्रॅम आधीच गेलेले असावे. सर्फॅक्टंटची कुपी २ ते ८ अंशांतून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. बेरॅक्टंट या सर्फॅक्टंटला खोलीत किमान २० मिनिटे किंवा हातात धरून ८ मिनिटे लागतात. गरम पाण्यात बुडवू नये, खळखळून हलवू नये, फक्त उलटीसुलटी करावी. डोस : पोरॅक्टंट किलोमागे २.५ मिली, बेरॅक्टंट किलोमागे ४ मिली. सिरिंजमध्ये औषधामागे अर्धा ते एक मिली हवा घ्यावी, म्हणजे कॅथेटरमध्ये अडकलेले औषधही आत जाते. ही हवा घ्यायला विसरले की पाऊण किलोच्या बाळाच्या डोसाचा लक्षणीय भाग कॅथेटरबरोबर कचऱ्यात जातो.

कॅथेटर १६ गेजचा, १३० मिमी लांबीचा, किंवा ५ फ्रेंच (गेज आणि फ्रेंच ही जाडीची मापे). खुणा नसतील तर स्वरतंतूंच्या पलीकडे किती जायचे तिथे आधीच खूण करावी : २५-२६ आठवड्यांना १ सें.मी., २७-२८ ला दीड, २९ ते ३२ ला २. जास्त आत गेला तर सगळे औषध एकाच फुप्फुसात. बाळाला गुंडाळून घ्यावे, तोंडात साखरेचे थेंब द्यावेत, प्रॉन्ग्ज नाकातच ठेवाव्यात. झोपेच्या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून ते सरसकट नको. लॅरिंगोस्कोपचा एक प्रयत्न २० ते ३० सेकंदांचा. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे. कॅथेटर आत गेल्यावर लॅरिंगोस्कोप काढून, कॅथेटर ओठाशी बोटांनी धरून औषध थोडे थोडे करून एक ते तीन मिनिटांत द्यावे. घाई केली की औषध घशात उलटते, नाडी १०० खाली येते. तसे झाले तर थांबावे, दाब वाढवावा, गरज पडल्यास मास्कने श्वास द्यावा. शेवटी पोटातल्या नळीतून ओढून पाहावे. सर्फॅक्टंट आले तर कॅथेटर अन्ननलिकेत होता किंवा औषध उलटले, आणि ते नोंदीत लिहावे. श्वास अडत नसेल तर तासभर सक्शन नको.

यानंतरची दहा मिनिटे सर्वांत दुर्लक्षित. औषध लागू पडले की ऑक्सिजनची गरज झपाट्याने उतरते. ब्लेंडरपाशी परिचारिका उभी नसेल तर बाळ १०० संपृक्ततेवर पडून राहते. जिथे ब्लेंडरच नाही तिथे सर्फॅक्टंट पाठवण्याआधी ब्लेंडर पाठवावा.

खरेदीबाबत आणखी दोन गोष्टी. पोरॅक्टंटच्या कुप्या १.५ आणि ३ मिलीच्या येतात. ६०० ग्रॅमच्या बाळाला १.५ मिली पुरते, १.२ किलोच्या बाळाला ३ मिली. एकच माप मागवले तर एकीकडे औषध फेकले जाते, दुसरीकडे दोन कुप्या फोडाव्या लागतात. दोन्ही मापे दरकरारात हवीत. न उघडलेली, खोलीच्या तापमानाला आणलेली कुपी २४ तासांच्या आत एकदाच शीतकपाटात परत ठेवता येते, हे कपाटाच्या दारावर लिहिलेले असावे. आणि ज्या कपाटाला रात्रीच्या वीज-खंडितीत जनरेटरची जोड नाही त्यात हे औषध ठेवूच नये. दुसरे, लॅरिंगोस्कोप मागवताना मिलर प्रकारची (सरळ) ० आणि ०० ही दोन्ही पाती असल्याखेरीज संच स्वीकारू नये. ०० पाते नसलेला संच अगदी कमी दिवसांच्या बाळाच्या तोंडाला मोठा पडू शकतो.

एसएनसीयूच्या ऑनलाइन नोंदीत चार रकाने वाढवावेत : सर्फॅक्टंट देताना बाळाचे वय तासांत, त्या वेळचे ऑक्सिजनचे प्रमाण, पद्धत, आणि ७२ तासांत नळी घालावी लागली का. वर्षभराची ही माहिती जिल्हावार पाहिली की कोणत्या कक्षाला कॅथेटर हवे, कोणाला प्रशिक्षण आणि कोणाला आधी ब्लेंडर, ते कळेल. धुक्याच्या चाचण्या पुढे सरकतील तेव्हा त्या निकालांशी ताडून पाहायला आपल्याकडे स्वतःचे आकडेही असतील. मागणी-यादीचा तांत्रिक मसुदा तयार करताना बोलावल्यास आम्ही सर्किट, फ्लोमीटर आणि दाबमापक घेऊन येऊ आणि वर लिहिलेली मोजणी टेबलावर करून दाखवू.

कळावे,

नवजात अतिदक्षता विभागांतील डॉक्टर, परिचारिका व जैववैद्यकीय अभियंते